चार नंबर पाण्यात

२९ सप्टेंबर, रविवार

पांढरा ऑइलपेंट हातावरून निघत नाही. खोबरेल तेल, भांड्याचा साबण आणि नवऱ्याचे उपदेश, तिन्ही चोळून झालं. (नवरा म्हणजे श. या वहीत त्याला एवढंच अक्षर पुरे.) गॅलरीच्या ग्रिलसाठी ठेवलेला अर्धा डबा मी तारोडीच्या किनाऱ्यावर नेला याचं त्याला दुःख आहे.

अठरा खडकांवर अठरा नंबर टाकले. गुडघ्याने नवव्यालाच राजीनामा दिला होता, तो नामंजूर केला. सरांचा नियमच तसा, जिथे थांबून खडक पाहिला, मोजला, तिथे नंबर हवा. "मॅडम, ज्या दगडावर नंबर नाही, तो तुम्ही पाहिलाच नाही असं मी धरणार." सर माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. वर्गातली मुलं तर पंचविसांनी. भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला सत्तेचाळिसाव्या वर्षी बसलेली मी एकटीच, म्हणून मॅडम.

२७ ऑक्टो.ला सर किनाऱ्यावर येऊन नकाशा तपासणार. नंबर आणि खडक जुळले तर प्रबंध पुढे, नाही तर पुढच्या वर्षी. आणि पुढचं वर्ष मला नाही. जूनपासून सासूबाई कायमच्या आमच्याकडे सिल्व्हर पार्कला येतायत, त्यांचं सगळं हाताने करावं लागतं. बी.एस्सी.नंतर लग्न, मग चोवीस वर्षं क्लासमध्ये दुसऱ्यांच्या मुलांना विज्ञान. मध्ये ही दोनच वर्षं सापडलीयत.

नंबराआधी नावाचं 'वै' लिहा आणि नेमक्या जागेकडे बाण काढा, असंही सर म्हणाले होते. पेंट पुरेना. नुसते आकडे टाकले. कोणाला काय फरक पडतो.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव लग्नाला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी तारोडी. फिलूमावशींकडे चहा. किनाऱ्याला लागून पहिलंच घर त्यांचं, माझी हातोडी त्यांच्याच पडवीत असते, बसमधून वागवायला नको. नवरा गेल्यापासून एकट्याच जवळा नि मांदेली सुकवून विकतात. साठीच्या असतील, माझ्यापेक्षा भरभर चालतात. गावात माझं नाव 'हातोडेवाली बाय' पडलंय. फिलूमावशी मात्र नुसतं 'बाय' म्हणतात.

त्यांना एका खडकाची थोरवी सांगितली, नंबर न सांगता. वहीत तो नं. ४. हा माझा लाडका. ओहोटीलाच उघडा पडतो. सगळीकडे फिकट खडक आहे आणि त्यात काळ्या खडकाची एक भिंत घुसलेली आहे. काळ्याच्या अगदी कडेला दाणा एकदम बारीक, जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे तो तापलेला आला, थंड खडकाला टेकला आणि कडेला झटकन गोठला. म्हणजे तो नंतरचा. कोण आधी, कोण नंतर, एवढंच सांगायला माझा सगळा प्रबंध आहे.

मावशींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सून नंतरच येते बाय. त्याला हातोडी कशाला?"

८ ऑक्टोबर, मंगळवार

दहावीचे पेपर तपासले. 'खडकांचे प्रकार सांगा.' एकाने लिहिलंय : मऊ, कडक आणि मुंब्र्याचे. अर्धा मार्क दिला.

१२ ऑक्टोबर, दसरा

हातोडी तारोडीला, म्हणून होकायंत्राची पूजा केली. झेंडूचं फूल ठेवलं. श. म्हणाला, "उत्तर दिशा प्रसन्न होवो." श्रीखंड जास्त झालं.

१३ ऑक्टोबर, रविवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सगळं क्रमाने लिहिते, नाही तर मलाच पटणार नाही.

सकाळी नऊला पोचले, भरती होती. फिलूमावशी पाण्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या. इथे का बसलात म्हटलं.

"माझी जागा उघडायची वाट बघते. दिवसातनं दोनदा आंघोळ करते ती. चार नंबर."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. दर वर्षी हंगाम लागला की सोळा घरं सुकवायच्या जागांच्या चिठ्ठ्या टाकतात. किनाऱ्यावरच्या क्रुसासमोर, मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, झाल्यावर. आदल्या दिवशी गावातले म्हातारे इनासकाका चुन्याने दगडांवर नंबर घालतात, ज्याला जो नंबर येईल त्याने त्या दगडाशेजारी वाळवायचं. यंदा इनासकाका चुना घेऊन आले तर नंबर आधीच घातलेले, तेही झकास ऑइलपेंटने. त्यांना वाटलं गावकमिटीच्या पोरांनी केलं. पोरांना वाटलं काकांनी केलं. १७ नि १८ डोंगराच्या अंगाला, ते सोडून दिले. गेल्या रविवारी एक ते सोळा चिठ्ठ्या निघाल्या. तेव्हा सकाळची ओहोटी होती, चार नंबर छान कोरडा दिसत होता.

मी जागा वाळवणासाठी निवडल्या नव्हत्या. जिथे खडकाचं काही बोलणं होतं तिथे नंबर घातला होता. त्यामुळे ११ आणि १२ यांच्यात चार फूट अंतर आणि दोन घरं एकमेकांच्या मांदेलीवर पाय देतायत. ७ उतारावर, जवळा घरंगळतो. आणि ४ पाण्यात.

"मग बदलून घ्या ना," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण बारीक.

"क्रुसासमोरची चिठ्ठी बदलत न्हाईत. मागं बदलाबदलीवरनं दोन घरं बारा वर्सं बोलली न्हाईत."

गाव इनासकाकांना हसतंय, म्हातारा भरती-ओहोटी विसरला म्हणून. मी काय केलं? चहा प्यायले. हातोडी परत पडवीत ठेवली. घरी आले. एक शब्द बोलले नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

श.ला सांगितलं. आधी पाच मिनिटं हसला. मग म्हणाला, "२७ तारखेपर्यंत गप्प बस. तपासणी झाली की सांग. आत्ता सांगितलंस आणि त्यांनी किनाऱ्यावर येऊ दिलं नाही तर?"

म्हणणं बरोबर आहे. तेच तर वाईट आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार

क्लासमध्ये एका मुलाने विचारलं, "टीचर, तुम्ही काही लपवताय का?" प्रश्न उद्याच्या टेस्टबद्दल होता. चोराच्या मनात चांदणं.

२० ऑक्टोबर, रविवार

आज सांगायचंच असं ठरवून गेले. वाक्यही तयार होतं. बसमध्ये तीन वेळा म्हणून पाहिलं.

अकराच्या सुमारास पाणी चढायला लागलं. फिलूमावशींचा जवळा अर्धा ओला, अर्धा कोरडा. दोघींनी मिळून गोळा केला. मी ओढणीत भरला. (ड्रेस दोनदा धुतला, लिफ्टमध्ये शेजारीण नाक धरून उभी होती.) वाक्य तसंच राहिलं.

"बाय, तू हाईस म्हणून बरं," मावशी म्हणाल्या.

यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर चाललं असतं.

इनासकाका किनाऱ्यावर येतच नाहीत म्हणे आता. चाळीस वर्षं चुन्याचा डबा त्यांच्याकडे होता, परवा कमिटीला परत दिला. आणि मी खडक वाचायला शिकतेय!

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं.

चार वाजता सगळ्या बायका वाळवण उचलायला असतात तेव्हा. क्रुसाजवळ उभी राहिले आणि म्हटलं, नंबर मी घातले. इनासकाकांचा काही दोष नाही. माझ्या परीक्षेसाठी घातले, मला तुमच्या चिठ्ठ्या माहीत नव्हत्या. कळून नऊ दिवस झाले, तरी बोलले नाही.

आधी कोणाचा विश्वासच बसेना. मग बसला.

७ नंबरवाली : "आमच्या दगडावर लिवायला तुला कोणी सांगितलं?"
मी : सरांनी.
"तुझ्या सरांचे दगड हायत काय? आमाला इचारलंस?"

नव्हतं विचारलं. खडक कोणाचे असतात हा प्रश्न दोन वर्षांत एकाही पेपरला आला नाही, आणि माझ्याही डोक्यात नाही. एवढी वर्षं मुलांना 'परवानगीशिवाय दुसऱ्याच्या वहीत लिहू नये' सांगणारी मी.

११ आणि १२ तोंडावर पदर धरून हसत होत्या, ते मला दिसलं. फिलूमावशी हसल्या नाहीत. घरात गेल्या, हातोडी आणली, माझ्या हातात दिली नि दार लावून घेतलं.

बसमध्ये रडले. कंडक्टरने तिकीट न मागता पुढे जाऊन परत येऊन मागितलं. चांगला माणूस.

२३ ऑक्टोबर, बुधवार

हातोडी घरात कुठे ठेवावी कळत नाही. शूरॅकवर ठेवलीय.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळीच फोन. इनासकाका. मला वाटलं, आता खरपूस ऐकायचं. काका अगदी कामाच्या आवाजात : "पेंट हाय का उरलेला?"

काल सगळ्या बायका बसल्या होत्या. निर्णय झाला. चिठ्ठी क्रुसासमोर निघाली, ती बदलायची नाही. पण नंबर काही क्रुसाने घातलेला नाही. "चिठ्ठी देवाची. नंबर तुझा. तुझा नंबर तू उचल नि नीट जागी ठेव." म्हणजे दगड तिथेच, आकडे चालायला लागणार. चार पाण्यातून वर येणार, अकरा नि बारा लांब होणार. काका जागा दाखवतील, मी लिहायचं. त्यांना डबा परत दिलाय कमिटीने.

एवढा साधा तोडगा मला नऊ दिवसांत सुचला नाही, कारण मी माझे नंबर पुसले जाण्याचा विचारच करत नव्हते.

सरांना फोन केला, सगळं सांगितलं. "मॅडम, तीन दिवसांचा प्रश्न आहे. रविवारी तपासणी झाल्यावर हलवा ना." मग मऊपणे, "नंबर न जुळता मी पास कसं लिहू? तिघांची समिती आहे, मी एकटा नाही."

सर चुकत नाहीत. पण या आठवड्यात जवळा भरपूर येतोय, तीन दिवस म्हणजे फिलूमावशींच्या तीन ओल्या टोपल्या. आधीच अठरा दिवस माझ्यामुळे भिजल्यात.

श.ला विचारलं. म्हणाला, "मी सांगितलं तर ऐकणार आहेस का?" नाही. "मग ग्रिलसाठी नवा डबा आण आणि त्यातलाच वापर."

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

हार्डवेअरवाल्या भाईंकडे टर्पेंटाइन नि पेंट घेतला. "क्या बेन, दिवाली का कलर चालू?" म्हटलं, हां भाई, समुंदर रंगा रही हूँ. ते मान हलवून म्हणाले, ब्रश बड़ा ले लो.

दिवसभर किनारा. एक नंबर पुसायचा, इनासकाका काठीने नवी जागा दाखवणार, मी लिहिणार. ते प्रत्येक वेळी दोन पावलं मागे जाऊन बघत आणि म्हणत, "सात जरा लंगडा झाला." माझ्यापेक्षा बारीक नजर. नं. ४ शेवटी पुसला. पूर्ण निघाला नाही, खडकावर पांढुरकी धूसर खूण राहिली. नवा चार क्रुसाच्या बाजूला, सपाट, उन्हात.

फिलूमावशी आल्या, टोपली नव्या चारपाशी ओतली, जवळा पसरला. माझ्याकडे पाहिलं नाही. पण जाताना पाण्याची बाटली दगडावर ठेवून गेल्या. बाटली माझीच होती, मागच्या महिन्यात विसरलेली. आत पाणी ताजं होतं.

आता माझ्या नकाशावरचे अठरापैकी सोळा नंबर खोटे आहेत. झोप मात्र छान लागेल.

२७ ऑक्टोबर, रविवार

सर एकला आले. टोपी, बूट, माझा नकाशा. मी आदल्या दिवशी जीपीएस यंत्रावरच्या नोंदी देऊन ठेवल्या होत्या, पण ते यंत्र पाचसात मीटर इकडचं तिकडे दाखवतं, आणि माझे निम्मे वाद दोन फुटांतले.

पहिल्याच नंबरला सर : "इथे तुम्ही फिकट खडक लिहिलाय. ही तर वाळू आहे, आणि वर मासे आहेत."

"एक इथं नव्हता," मागून आवाज आला. फिलूमावशी. कमरेला पदर खोचलेला. "चला, दाखवते."

आणि दाखवले. सगळे. बायका वाळवण सोडून मागे. ७ नंबरवाली मोठ्याने सांगत होती, "हितं सात होता, माझा जवळा ह्याच फटीत जायचा." ती फट म्हणजेच मी मोजलेली भेग. सरांनी होकायंत्र लावलं. जुळली. ११ आणि १२ दोघी एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या, मध्ये चार फूट. "हिचा पाय हितं नि माझी मांदेली तितं." खडकांची गाठ बरोबर दोघींच्या मधून. सरांनी फोटो काढला. दोघींनी पदर सारखे केले.

खुणा धूसर होत्या, पण त्यांना खुणांची गरजच नव्हती. मी त्या दगडांकडे वर्षभर पाहतेय, त्या जन्मभर.

शेवटी चार. ओहोटी जेमतेम, पाणी अजून खालच्या कडेला लागत होतं. सर वाकून काळ्याची बारीक दाण्याची कड बघत होते. मावशी म्हणाल्या, "काळा नंतर आलाय. बायने सांगितलंय." मग सहज पुढे, "ह्या कडेच्या पट्टीला शिंपल्यातली कालवं धरत न्हाईत. गुळगुळीत हाय. आमी कालवं फोडायला जातो तवा ही पट्टी सोडूनच देतो, पार आतपर्यंत."

सर सरळ उभे राहिले. "आतपर्यंत म्हणजे?"

"समुद्रात. मोठ्या ओहोटीला दिसते. आवसेच्या आसपास."

माझ्या नकाशात काळी भिंत चारपाशी संपते. मी लिहिलंय, 'येथे संपते'. संपत नाही म्हणजे! पाणी होतं म्हणून मी पाहिलं नाही, एवढंच.

सर निघताना म्हणाले, "मॅडम, नकाशा बरोबर आहे असं माझं मत झालंय. पण नियमाने ही तपासणी नंबरांची होती, आणि नंबर माशांखाली आहेत. समितीपुढे जे पाहिलं ते लिहीन. सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी बैठक. तोवर ती पट्टी बघून या."

हातोडी परत मावशींच्या पडवीत. मी ठेवली नाही. त्यांनी हातातून घेतली.

चहात साखर जास्त होती.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

चकल्या तुटतायत. श. म्हणतो, भेगांची दिशा मोज. पाडव्याला पहाटे मी घरात नसेन हे त्याला सांगितलं. "ओवाळणार कोण?" आल्यावर ओवाळते म्हटलं. "आंघोळ करून," म्हणाला. स्कूटरवरून सोडायला येतो म्हणतोय.

२ नोव्हेंबर, पाडवा

साडेसहाला पाणी इतकं मागे गेलं होतं की किनारा ओळखू येईना. चारच्या धूसर खुणेपासून निघालो. मावशी पुढे, हातात कालवं फोडायची कोयती, मी मागे, श. क्रुसापाशी दोघींच्या चपला धरून.

पट्टी आहे. हातभर रुंद, काळी, गुळगुळीत. दोन्ही बाजूंना कालवांचा खच आणि पट्टीवर एकही नाही. पावलं मोजली, एकशे बेचाळीस, मग पाणी गुडघ्याला लागलं. पट्टी पुढे जातच होती. "बाप म्हणायचा, पार त्या खडकापर्यंत हाय," मावशी म्हणाल्या नि समुद्रात बोट दाखवलं. तिथवरचं पाणी मोठ्या ओहोटीलाही हटत नाही. होडी लागेल.

नववी इयत्ता पास झाल्यावर झाला होता तेवढा आनंद झाला. मोठ्याने हसले. मावशीही हसल्या, बहुतेक मला.

पेंट आणला होता, सवयीने. शेवटच्या कोरड्या उंचवट्यावर ब्रश काढला आणि थांबले.

"मावशी, इथे नंबर लिहू का?"

त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. पाणी, कालवं, दोन बगळे.

"हितं कोण वाळवणार हाय? लिव."

१९ लिहिलं. आधी 'वै', मग बाण. त्यांनी वाचून घेतलं, वै म्हणजे काय विचारलं. म्हटलं, माझं नाव. "मग माझं न्हाय लिवलंस?" वैच्या शेजारी 'फि' लिहिला.

आम्ही क्रुसापाशी येऊन चपला घातल्या तेव्हा मागे सगळं पाणी होतं. १९ सुकला की वाहून गेला, कोण जाणे. समितीची बैठक परवा. त्यांनी पट्टी बघायला यायचं म्हटलं, तर ती कुठे आहे हे फिलूमावशीच सांगू शकतील.

घरी आल्यावर आंघोळ करून ओवाळलं. तरी श. म्हणतो, वास येतोय.